रानडुकरासाठी जड बाण: पुण्यात करायची तयारी

धनुष्यबाणाने मोठं रानडुक्कर मारायचं, तर बाण एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडला पाहिजे. बाण अंगात अडकून राहिला की शिरलेलं भोक चरबीने आणि राठ केसांनी बुजतं, रक्त आतच साठतं, जमिनीवर माग उरत नाही आणि जनावर दाट झाडीत जाऊन तडफडत राहतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे टाळण्यासाठी आहेत. एवढे कष्ट घ्यायची तयारी नसेल तर फोमच्या डुकरावर नेम धरावा. त्यातही भरपूर आनंद आहे, आणि पुण्यात तरी आपल्याला तेवढंच करता येतं.

आधी कायदा बघू. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार भारतात रानडुक्कर हे संरक्षित जनावर आहे. कायद्याच्या व्याख्येत शिकार म्हणजे फक्त ठार मारणं नव्हे. जखमी करणं, पकडणं, हाकून काढणं, आमिष लावणं आणि यातलं काहीही करायचा प्रयत्न, हे सगळं त्यात येतं. मुळशी, वेल्हे, भोरकडे डुकरं रात्रीत भाताची आणि भुईमुगाची नासाडी करतात, शेतकरी रडकुंडीला येतात, हे मला ठाऊक आहे. पण त्यावरचा मार्ग वनखात्याच्या कार्यालयातून जातो. आपण धनुष्य घेऊन कुणाच्या शेतावर ‘मदतीला’ जाणं हा सरळसरळ गुन्हा आहे.

मग हा लेख कुणासाठी? एक, ज्यांना पारंपरिक धनुष्य आणि जड बाण हा विषय मुळापासून शिकायचा आहे आणि फोमच्या जनावरांवर सराव करायचा आहे. दोन, ज्यांचं टेक्सासला किंवा ऑस्ट्रेलियाला नात्यात, कामानिमित्त जाणं-येणं असतं आणि जिथे ही शिकार कायदेशीर आहे तिथे ती नीट करायची आहे. टेक्सासमध्ये 1 सप्टेंबर 2019 पासून खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने, मोकाट डुकरांच्या शिकारीला परवाना लागत नाही. इतर ठिकाणचे नियम राज्यागणिक वेगळे असतात. विमानाचं तिकीट काढण्याआधी ते वाचावेत.

वजन का

तिरंदाजीत बाणाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रॅम म्हणजे 15.43 ग्रेन. मैदानी स्पर्धेचा बाण हलका असतो, कारण त्याला 70 मीटर जायचं असतं आणि कागदाला भोक पाडायचं असतं. आपल्याला पंधरा-वीस यार्डांवर कातडं, चरबी, बरगड्या आणि पुन्हा पलीकडचं कातडं कापायचं आहे.

साधारण 50 पौंडी (पूर्ण ओढायला तेवढा जोर लागणाऱ्या) धनुष्याचं उदाहरण घेऊ. 450 ग्रेनचा बाण सेकंदाला अंदाजे 53 मीटर वेगाने सुटतो, 650 ग्रेनचा 46 मीटरने. हलक्याचा संवेग होतो 1.55 किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद, जडाचा 1.94. म्हणजे वेग गेला तरी ढकलण्याची ताकद जवळजवळ पावपट वाढली. शिवाय जड बाण धनुष्यात साठलेली ऊर्जा जास्त प्रमाणात स्वतःकडे घेतो. हलक्या बाणाच्या वेळी तीच ऊर्जा धनुष्याच्या पात्यांच्या (वाकणाऱ्या दोन बाजूंच्या) थरथरीत आणि दोरीच्या आवाजात वाया जाते. जड बाणाने धनुष्य गप्प होतं, आणि डुकराचे कान तिखट असल्यामुळे हा फायदा मोठा आहे.

या विषयात एड अ‍ॅशबी या अमेरिकन संशोधकाचं नाव सतत ऐकू येतं. आफ्रिकेत प्रत्यक्ष जनावरांवर बाण किती खोल जातो याच्या नोंदी त्यांनी वर्षानुवर्षं ठेवल्या. 650 ग्रेनचा त्यांचा आकडा सगळे उचलतात: साधारण त्या वजनापासून पुढे बाण जड हाड फोडण्याची शक्यता बरीच वाढते. पण त्यांच्या यादीत वजन पहिलं नाही. पहिली आहे बाणाची मजबुती, दुसरं सरळ उड्डाण. मोडका किंवा वाकडा उडणारा 800 ग्रेनचा बाण चांगल्या 550 ग्रेनच्या बाणापुढे निकामी आहे. नवखे लोक थेट जड फळं (बाणाची टोकं) मागवतात आणि उरलेलं सोडून देतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

धनुष्य

लाँगबो (साधं लांब धनुष्य) घ्या किंवा रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं), फार फरक पडत नाही. विमानातून न्यायचं असेल तर तीन तुकड्यांत सुटणारा रिकर्व्ह सोयीचा, चेक-इनच्या बॅगेत मावतो. ताण 45 ते 50 पौंड पुरतो. त्यापेक्षा जास्त ताण घेऊन थरथरत नेम धरण्यात अर्थ नाही. शेवटच्या क्षणी, थंडीत, गुडघ्यावर बसून जे धनुष्य शांतपणे पूर्ण ओढता येतं तेच तुमचं.

धनुष्यावर लिहिलेला ताण 28 इंचांच्या ओढीचा असतो. तुमची ओढ 27 असेल तर दोन-तीन पौंड वजा करा. ब्रेस हाइट, म्हणजे दोरीपासून मुठीपर्यंतचं अंतर, रिकर्व्हला साधारण साडेसात ते साडेआठ इंच ठेवा आणि दोरीला पीळ देत-सोडत सर्वांत कमी आवाज कुठे येतो ते शोधा. दोरीवर लोकरीचे दोन गोंडे बांधले की उरलासुरला आवाजही मरतो.

पुण्यातल्यांसाठी एक खास सूचना. एप्रिल-मे महिन्यात धनुष्य बंद गाडीत ठेवू नका. लॅमिनेशनचा गोंद उष्णतेने सुटतो आणि मग पातं ओढताना उलगडतं. पावसाळ्यात बाणाचे लाकडी शाफ्ट (दांडे) ओल धरून वाकतात, ते आडवे, सपाट जागेवर, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावेत.

बाणाची बांधणी

शाफ्टला कार्बन सर्वांत सोपा. लाकडी शाफ्ट मला मनापासून आवडतो, पण हॅश्टॅगपुरता नव्हे, खऱ्या शिकारीसाठी वापरायचा तर एका जातीचे, एका वजनाचे, एका ताठपणाचे डझनभर निवडून काढणं हे वेगळंच काम आहे. बुरूड आळीतून बांबू आणून शाफ्ट घडवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. आपल्याकडे बांबूच्या धनुष्याने होणाऱ्या ‘इंडियन राउंड’ या स्पर्धाप्रकाराची परंपरा आहेच. मात्र जड फळासाठी लागणारा ताठपणा बांबूत सारखा मिळवणं अवघड जातं, म्हणून पहिला संच कार्बनचाच करा.

ताठपणाला स्पाइन म्हणतात. 28 इंचांवर टेकवलेल्या शाफ्टच्या मध्यावर 880 ग्रॅम वजन टांगलं की तो किती वाकतो ते मोजतात: अर्धा इंच वाकला तर 500, त्याहून ताठ असेल तर 400, आणखी ताठ 340. टोकाला जितकं वजन वाढवाल तितका बाण सुटताना जास्त वाकतो, म्हणून जड फळाला ताठ शाफ्ट लागतो. 48-50 पौंडी धनुष्य आणि पुढे तीनशेच्या वर ग्रेन असतील तर 400 आणि 340 असे दोन-दोन शाफ्ट आणून दोन्ही मारून बघा. तक्त्यावर विसंबून एकदम डझन घेऊ नका.

एक बाण हिशोबाने जुळवू. 29 इंचांचा शाफ्ट, इंचाला साडेनऊ ग्रेन, म्हणजे 275. शाफ्टच्या तोंडात बसणारा, फळ धरणारा पितळी इन्सर्ट 100. फळ 225. शाफ्टच्या तोंडावर बसणारी अ‍ॅल्युमिनियमची कॉलर 20. तीन पिसं मिळून 10, दोरीत अडकणारा मागचा तुकडा, म्हणजे नॉक, 10. एकूण 640 ग्रेन, म्हणजे साडेएकेचाळीस ग्रॅम. सोनाराकडे असतो तसा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा घ्या आणि प्रत्येक सुटा भाग तोला. संचातले बाण एकमेकांपासून पाच ग्रेनपेक्षा जास्त लांब नकोत.

आता हा बाण बोटावर आडवा तोलून बघा. नॉकच्या खाचेपासून साधारण 22 इंचांवर तो स्थिर राहील. शाफ्टचं मध्य साडेचौदा इंचांवर आहे, दोन्हींतला फरक साडेसात. साडेसाताला 29 ने भागलं की जवळपास 26 टक्के येतात. याला एफओसी (फ्रंट ऑफ सेंटर) म्हणतात. पंचविशीच्या आसपास भार पुढे असला की बाण लवकर सावरतो आणि आत शिरताना मागचा शाफ्ट पुढच्या फळामागे सरळ ओढला जातो.

कापताना हॅक्सॉ वापरू नका, कार्बनचे धागे फाटतात. वेगाने फिरणारं बारीक कटिंग व्हील, तोंडाला मास्क, आणि कापल्यावर टोक बारीक सँडपेपरवर अगदी काटकोनात घासायचं. ही घासणी टाळली की इन्सर्ट तिरका बसतो आणि पुढचं सगळं बिघडतं. तपासायचं असं: फळ लावून बाणाचं टोक टेबलावर टेकवा, नॉक चिमटीत धरून भोवऱ्यासारखा फिरवा. इन्सर्टपाशी जरा जरी थरथर दिसली तर तो बाण शिकारीचा नाही.

पिसं पाच इंची, खरी, थोडी पिळून लावलेली. प्लॅस्टिकची चालत नाहीत. शेल्फवरून, म्हणजे धनुष्यावर बाण टेकतो त्या जागेवरून, जाताना ती आपटतात, पीस दबून निघून जातं. एक बेव्हलचं, म्हणजे धार एकाच बाजूने उतरती घासलेलं, फळ वापरणार असाल तर उजव्या बेव्हलला उजव्या पिळाची पिसं, डाव्याला डाव्या पिळाची.

दर वेळी मारण्याआधी कार्बनचा बाण दोन्ही हातांनी हलका वाकवून, कानाजवळ धरून ऐका. तडतड आली की मोडून फेकून द्या. तडा गेलेला शाफ्ट सुटताना फुटला तर धनुष्य धरलेल्या हातात शिरतो.

बिनपिसांचा बाण

सगळ्या तयारीत सर्वांत जास्त वेळ इथे द्या. पिसं चुका झाकतात. ती काढली की बाण खरं बोलतो.

त्याच वजनाचे तीन बाण पिसांसह आणि दोन बिनपिसांचे तयार करा. बिनपिसांच्या बाणांवर पिसांइतक्या वजनाची टेप मागे गुंडाळा. दहा यार्डांवरून सुरुवात करा. पहिल्यांदा फक्त वर-खाली बघा. बिनपिसांचा बाण पिसांच्या बाणांपेक्षा खाली लागत असेल तर दोरीवरचा नॉकिंग पॉइंट (बाण अडकवायची खूण) फार वर आहे, थोडा खाली सरकवा. वर लागत असेल तर उलट. हे जमेपर्यंत डावं-उजवं बघूच नका.

मग डावं-उजवं. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बिनपिसांचा बाण उजवीकडे गेला तर शाफ्ट मऊ पडतोय: पाव इंच कापा किंवा पुढचं वजन कमी करा. डावीकडे गेला तर ताठ आहे: पुढे वजन वाढवा किंवा लांब शाफ्ट घ्या. पण इथे एक चकवा आहे. फारच मऊ बाण रायझरवर, म्हणजे धनुष्याच्या मधल्या मुठीच्या भागावर, आपटून डावीकडे उसळतो आणि ‘ताठ’ असल्याचं सोंग आणतो. माणूस मग वजन वाढवत जातो आणि अवस्था आणखी वाईट होते. शंका आली की शेल्फवर आणि रायझरच्या बाजूला टाल्कम पावडर मारा, एक बाण सोडा आणि पावडर कुठे घासली गेली ते बघा. शाफ्टच्या मध्यापासून मागे ओरखडा दिसला तर बाण आपटतोय, मऊ आहे.

दहावर जुळलं की पंधरा, मग वीस. वीस यार्डांवर बिनपिसांचा बाण पिसांच्या घोळक्यात शेजारी बसला आणि तिथे सरळ उभा राहिला की तुमचा बाण तयार. त्यानंतर धारदार फळ लावून तोच घोळका येतो का ते बघा. फळांच्या सरावासाठी फोमचा वेगळा ठोकळा ठेवा, चांगलं टार्गेट फळं दोन दिवसांत चिरून टाकतात.

फळ आणि धार

दोन पात्यांचं, एकसंध, रुंदीच्या तिप्पट लांबीचं फळ. उघडणारी यांत्रिक फळं या धनुष्यांसाठी नाहीत. उघडण्यातच त्यांची ऊर्जा खर्च होते.

धार विकत मिळत नाही, लावावी लागते. बोहरी आळीत सुताराचा दुहेरी दगड मिळतो, तो पुरेसा आहे. आधी खडबडीत बाजूने धारेच्या पलीकडे बारीक कंगोरा उठेपर्यंत, मग बारीक बाजूने तो उतरेपर्यंत, शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर हिरव्या पॉलिशने. रबरबँड दोन बोटांत जेमतेम ताणून त्यावर पातं नुसतं टेकवा. दाब न देता रबर तुटलं पाहिजे. दाबावं लागलं तर परत दगडावर.

डुक्कर समजून घ्या

टेक्सासचं मोकाट डुक्कर आणि आपल्या सह्याद्रीतलं रानडुक्कर एकाच जातीचं, सस स्क्रोफा. तिकडची बहुतेक डुकरं स्पॅनिश लोकांनी आणलेल्या पाळीव डुकरांची आणि नंतर सोडलेल्या युरोपीय रानडुकरांची मिसळण आहेत. त्यामुळे शरीररचना शिकायला दूर जावं लागत नाही. वेल्हे-भोरकडच्या एखाद्या ओळखीच्या शेतावर संध्याकाळी माचाणावर दुर्बीण घेऊन बसा. बघायला कायद्याची आडकाठी नाही. चालताना पुढचा पाय कधी पुढे जातो, तेव्हा बगलेमागची जागा किती उघडी पडते, थांबताना कान कुठे वळतात, हे डोळ्यांत भरून घ्या.

डुकराच्या पाठीवर आयाळीसारखे राठ केस उभे असतात, त्यामुळे ते आहे त्यापेक्षा उंच दिसतं आणि माणूस वर नेम धरतो. प्रत्यक्षात काळीज फार खाली आणि फार पुढे, पुढच्या दोन पायांच्या मध्येच असतं. फुप्फुसं हरणापेक्षा छोटी. खांद्यापाशी पाठीचा कणा खाली उतरलेला असतो आणि त्यावरच्या उंचवट्यात मारण्याजोगं काही नाही. तिथे लागलेला बाण जनावराला पाडू शकतो, पण ते उठून जातं.

वयात आलेल्या नराच्या खांद्यांवर आणि पुढच्या बरगड्यांवर चिवट, कूर्चेसारख्या ऊतीचं कवच असतं. माजावर आलेले नर एकमेकांना सुळ्यांनी भिडतात, त्या माराला ते तोंड देतं. वयानुसार ते जाड होत जातं, म्हाताऱ्या नरात इंचाच्या पुढे. जड बाणाचा सगळा खटाटोप याच्यासाठी.

म्हणून सर्वांत चांगली संधी म्हणजे जनावर तिरकं, तोंड आपल्यापासून पलीकडे करून उभं असणं. बाण कवचाच्या मागून, शेवटच्या बरगड्यांपाशी शिरतो आणि पलीकडच्या खांद्याकडे निघतो. नेम पलीकडच्या पुढच्या पायावर धरायचा. जनावर सरळ आडवं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर या, छातीच्या उंचीचा खालचा एक तृतीयांश भाग, तिथे थांबा. समोरून, किंवा तोंड आपल्याकडे करून तिरकं असताना, बाण सोडायचाच नाही. कवटी उतरती आणि जाड असते, डोक्याचा विचारही नको.

सराव

पुण्याच्या टेकड्यांवर धनुष्य नेऊ नका. वेताळ टेकडी असो, तळजाई असो, पहाटेपासून माणसं असतात, आणि चुकून वर सुटलेला 640 ग्रेनचा बाण दीडशे मीटरच्या पुढे जातो. सोसायटीच्या पार्किंगमध्येही नको. तिरंदाजीची बंदिस्त रेंज किंवा स्वतःच्या शेतावर मागे मातीचा उंच बांध असलेली जागा, एवढेच पर्याय.

फोमचं डुक्कर घरी करता येतं. दाट ईव्हीए फोमचे तक्ते एकावर एक दाबून, पट्ट्याने आवळून, त्यावर पूर्ण मापाची आकृती कापून लावा. काळजाचं वर्तुळ मात्र पलीकडच्या बाजूला काढा, म्हणजे दिसणार नाही आणि कोनाचा विचार करावा लागेल. आकृती रोज वेगवेगळ्या कोनात वळवा.

अंतराबद्दल मी कडक आहे. 46 मीटर वेगाचा बाण वीस यार्डांना 0.4 सेकंद घेतो आणि तेवढ्यात पाऊण मीटरभर खाली उतरतो. दहा यार्डांवर हीच उतरण वीस सेंटिमीटरच्या आसपास असते. अंतराचा अंदाज तीन यार्डांनी चुकला तर वीसवर बाण काळजाऐवजी पोटात किंवा कण्यावर जातो. त्यात दोरीचा आवाज बाणाच्या कितीतरी आधी पोचतो. म्हणून शिकारीचं अंतर पंधरा यार्ड. वीस ही शेवटची मर्यादा, तीही दररोज सकाळी अंग गरम न करता मारलेला पहिला बाण तिथे वर्तुळात जात असेल तरच. दिवसातला तो एकच बाण मोजायचा. नंतरचे पन्नास बाण व्यायाम म्हणून मारा.

गुडघ्यावर बसून, स्टुलावर बसून, संधिप्रकाशात, जाड जॅकेट घालून, डासांच्या जाळीची टोपी घालून, सगळ्या परिस्थितींत मारून बघा. खाली बसल्यावर धनुष्याचं खालचं पातं मांडीला किंवा जमिनीला लागतं, त्यासाठी धनुष्य तिरपं धरायची सवय आधीच लागली पाहिजे.

प्रत्यक्ष ठिकाणी

डुकराची नजर अधू असते, कान चांगले, नाक जबरदस्त. वारा तुमच्या पाठीवर असेल तर बाकी सगळी तयारी फुकट. खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली ठेवा, दर काही मिनिटांनी चिमूटभर उडवा आणि वारा फिरला की जागा सोडा. जाऊन गाठण्यापेक्षा पाणवठ्याशी किंवा खाण्याच्या वाटेवर आडोशाला बसणं नवख्याला बरं. कळपात पिलं असलेल्या मादीला सोडून द्या.

बाण सोडल्यावर जनावर शेवटचं कुठे दिसलं ती जागा डोळ्यांनी पकडा आणि हलू नका. बाण पार गेला असेल तर तो आधी शोधा. फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, अर्धा तास थांबा. हिरवट, घाण वास म्हणजे पोट. सहा तास तरी थांबा, रात्र होत असेल तर सकाळी या. जखमी नर दाट झाडीत वळून अंगावर येतो आणि त्याचे सुळे मांडीच्या उंचीवर असतात. एकट्याने, वाकून, झुडपात शिरायचं नाही. सोबत जमीनमालक किंवा अनुभवी माणूस हवा, त्याच्याकडे बंदूक असेल तर उत्तमच.

फाडताना रबरी हातमोजे घाला, डोळ्यांवर चष्मा ठेवा आणि हाताला आधीची जखम असेल तर ते काम दुसऱ्याला द्या. मोकाट डुकरांत ब्रुसेलोसिस हा जिवाणूंचा रोग असतो आणि तो रक्तातून माणसाला होतो. वापरलेले हातमोजे आणि आतडी पुरा किंवा जाळा, कुत्र्यांना कच्चं काही घालू नका. मांस आतपर्यंत 71 अंश सेल्सिअसला शिजलं पाहिजे. आपल्या पद्धतीने कुकरला लावून, वाटण घालून रटरटवलं तर ते सहज होतं, पण कोळशावर भाजणार असाल तर थर्मामीटर खुपसून बघा.